लहान विमानांचे शिल्पकार : डॉ. विष्णू माधव घाटगे

इ.स. १९०८ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्समधील ल मान्स गावाजवळ विल्बर राइट याने आपले विमान युरोपातील लोकांना प्रथमच जाहीरपणे उडवून दाखविले. तोपर्यंत अमेरिकेतले दोन सायकल-दुरुस्तीवाले भाऊ हवेत उडतात ही गोष्ट युरोपात पुष्कळांना थाप वाटत होती. त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यात विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. गडहिंग्लज म्हटले की आपल्याला मिरचीचा बाजार आठवतो, हिरण्यकेशी नदी आठवते. विमान मात्र कोणालाही आठवत नाही. तरीही स्वतंत्र भारतात आराखड्यापासून येथेच घडलेले आणि कारखान्यातून डझनांनी बाहेर पडलेले पहिले विमान ज्यांनी उभे केले, ते गृहस्थ ह्याच खेड्यातले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या अभियंत्यावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आपल्या अंकातून संत, समाजसुधारक आणि राष्ट्रपुरुष यांची चरित्रे दरवर्षी येतात व ती यावीतच. पण चरित्र म्हणजे अखेर एका माणसाने कोणते काम निवडले आणि ते का निवडले याचाच शोध असतो. घाटगे यांच्या बाबतीत ही निवड मोठी विचार करण्यासारखी आहे. जेट विमानांचा गाजावाजा सुरू झाला होता त्या काळात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दोन माणसांच्या लहानशा विमानांना दिली.

त्यांच्या बालपणी कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू छत्रपती होते. भारतात विमान प्रथम आले ते १९१० च्या अखेरीस, अलाहाबादला. तेव्हा घाटगे दोन वर्षांचे होते. त्यांच्या भागातील मुलांनी आकाशात विमान पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबई विद्यापीठाचे शिक्षण घेऊन हा तरुण जर्मनीत गटिंगेनला जाऊन पोहोचला आणि १९३६ साली तेथल्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतला. इंग्रज राज्यातला हुशार विद्यार्थी त्या काळी बहुधा विलायतेला जाई. जर्मनीला जायचे म्हणजे आधी भाषा शिकण्यापासून तयारी. पण विमानविद्येचा ज्याला ध्यास आहे त्याला दुसरे ठिकाणच नव्हते, कारण गटिंगेनला लुडविग प्रांटल होते.

प्रांटल यांच्याविषयी चार ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घाटगे यांचे ते गुरू, आणि आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकही तेच मानले जातात. वाहती हवा पंखावरून जाते तेव्हा पंखाच्या अगदी पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा एक पातळ थर चिकटपणामुळे मंदावतो, हे त्यांनी १९०४ साली दाखविले. आपल्या ओढ्याच्या पाण्यात हे सहज दिसते. मधल्या धारेत पान झरझर वाहून जाते. काठाला, दगडाच्या कडेला ते रेंगाळते आणि कधी उलटे फिरते. पंख हवेला थोडा तिरपा धरला तर हवा त्याला बिलगून वाहते आणि पंखाला उचल मिळते. हाच तिरपेपणा फार वाढविला तर मंदावलेला थर पंखाला सोडून देतो, मागे भोवरे होतात आणि उचल एकाएकी नाहीशी होते. वैमानिक याला विमान 'स्टॉल' झाले असे म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. इंजिन उत्तम चालू असतानाही वेग फार कमी केला की विमान स्टॉल होऊ शकते. ते पुरेसे उंचावर असेल तर नाक खाली घालून, पुन्हा वेग घेऊन सावरता येते. जमिनीजवळ मात्र सावरायला जागाच नसते. आरंभीच्या काळात कितीतरी वैमानिक असेच गेले.

गटिंगेनचे ते दिवस विद्येच्या दृष्टीने थोर आणि माणुसकीच्या दृष्टीने काळे होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि मॅक्स बोर्न, एमी नोथर यांच्यासारख्या विद्वानांना केवळ ज्यू म्हणून त्या विद्यापीठातून जावे लागले. ज्या गावाने हसूरचंपूच्या मुलाला डॉक्टरेट दिली त्याच गावाने आपल्या घरच्या विद्वानांना हाकलले. हे लिहिताना मनाला विचित्र वाटते, पण चरित्रात ते टाळू नये.

घाटगे यांना पदवी मिळाली त्याच १९३६ सालच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये एका स्पॅनिश अभियंत्याचा विमान-अपघातात अंत झाला. त्याचे नाव हुआन दे ला सिएर्वा. घाटगे यांच्या चरित्रात याला थोडी जागा द्यावीशी वाटते. लहान विमानाला स्टॉलच्या संकटातून कसे सोडवावे, या प्रश्नाला सिएर्वाने अगदी वेगळे उत्तर दिले होते आणि घाटगे ज्या रस्त्याने गेले तो रस्ता नीट कळायला हा दुसरा रस्ता शेजारी ठेवून पाहावा लागतो.

सिएर्वा १८९५ सालचा, मुर्सियाचा. १९१९ साली त्याने स्वतः आराखडा केलेले तीन इंजिनांचे मोठे विमान जमिनीजवळ वेग कमी होऊन स्टॉल झाले आणि कोसळले. त्या घटनेने त्याच्या मनाने घेतले की पंखच असे हवे, ज्यांना वेग कधी कमी पडणार नाही. विमान हळू चालले तरी पंख जोरात हलत राहिले पाहिजेत. म्हणजेच पंख गरगर फिरले पाहिजेत. यातून निघाले ते ऑटोजायरो, ज्याला आज आपण जायरोप्लेन म्हणतो.

दिसायला ते हेलिकॉप्टरसारखे असते आणि म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो. हेलिकॉप्टरच्या माथ्यावरची पाती इंजिन फिरविते. जायरोप्लेनमध्ये इंजिनाचा पंखा यंत्राला फक्त पुढे ढकलतो किंवा ओढतो. माथ्यावरच्या पात्यांना इंजिनाचा आधार नसतो. समोरून आणि खालून येणाऱ्या हवेनेच ती फिरतात. जत्रेत विकत घेतलेले भिरभिरे हातात धरून मूल पळू लागले की ते आपोआप फिरू लागते, तसेच हे. इंजिन बंद पडले तरी पाती थांबत नाहीत. यंत्र खाली येऊ लागते, खालून हवा मिळते, पाती फिरत राहतात आणि यंत्र सावकाश उतरते. आपल्या रानात उक्षीची फळे वाळल्यावर गिरक्या घेत हळूहळू जमिनीवर येतात ती ज्याने पाहिली आहेत त्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

कल्पना सोपी असली तरी यंत्र सरळ उडायला तयार नव्हते. पहिले नमुने एका अंगावर कलंडत. पुढे जाणाऱ्या बाजूचे पाते हवेला जोरात कापते, मागे येणाऱ्या बाजूचे कमी जोराने. त्यामुळे एका बाजूला उचल जास्त पडते. सिएर्वाने प्रत्येक पाते मुळाशी बिजागरीने जोडले, म्हणजे जास्त उचल मिळाली की पाते थोडे वर उचलले जाईल आणि तोल आपोआप साधेल. १९२३ च्या जानेवारीत माद्रिदजवळ गेताफे येथे त्याचे यंत्र व्यवस्थित उडाले आणि १९२८ साली तो स्वतः ते घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून गेला. नंतरच्या काळातील हेलिकॉप्टरांनी ही बिजागरी त्याच्याकडूनच उचलली. स्वतः सिएर्वा मात्र पंखांच्या नेहमीच्या विमानात गेला. ९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून धुक्यात उड्डाण करताना एक प्रवासी विमान घरांवर आदळले. त्यात तो एक प्रवासी होता. नियतीचा असा खेळ कादंबरीत वाचला असता तर आपण लेखकाला नावे ठेवली असती.

आता साहजिकच प्रश्न येतो की, जायरोप्लेन एवढे सुरक्षित होते तर जगाने पंखांच्या लहान विमानांचा नाद सोडला का नाही? याचे उत्तर आपल्या तालुक्यातच शोधून पाहू. समजा, तोरण्याच्या माथ्याएवढ्या उंचीवर, म्हणजे पायथ्यापासून सहा-सातशे मीटर वर, इंजिन बंद पडले. पंखांचे हलके विमान एक किलोमीटर उंचीवरून साधारण आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते, तेव्हा तोरण्यावरून ते पाच-सहा किलोमीटर तरी जाईल. जायरोप्लेन दोन किलोमीटरांच्या पुढे फारसे जाणार नाही. येथपर्यंत विमान सरस ठरले. पण उतरायचे कोठे? पंखांच्या विमानाला दोन-तीनशे मीटर सरळ, सपाट जमीन हवी. आपली भाताची खाचरे उतरणीवर पायऱ्यांसारखी, मधे बांध, बांधावर झाडे. विमान पाच किलोमीटर जाऊनही त्याला जागा सापडेलच असे नाही. जायरोप्लेन एखाद्या मोठ्याशा खाचरात किंवा शाळेच्या मैदानात जवळजवळ उभेच उतरेल. म्हणजे आपल्या डोंगरी मुलखात सिएर्वाची बाजू वरचढ आहे असे मला वाटते. सोसाट्याच्या वाऱ्यातही जायरोप्लेन कमी हेलकावते, कारण जोरात फिरणाऱ्या अरुंद पात्यांना वाऱ्याचा धक्का तितकासा जाणवत नाही.

याची किंमतही द्यावी लागते. माथ्यावर फिरणाऱ्या पात्यांना हवेचा रोध फार होतो. सिएर्वाचे सी-३० हे १९३४ चे दोन आसनी यंत्र १४० अश्वशक्तीच्या इंजिनावर ताशी सुमारे १७७ किलोमीटर जाई. घाटगे यांचे दोन आसनी विमान १५५ अश्वशक्तीवर ताशी सुमारे २०९ किलोमीटर जात असे. थोड्याशा जादा शक्तीत एवढा फरक पडतो. शिवाय तेवढ्याच इंधनात पंखांचे विमान अधिक लांब जाते. जायरोप्लेनला स्टॉल नाही, पण त्याचे स्वतःचे एक संकट आहे. वैमानिकाने दांडा एकदम पुढे ढकलला आणि पात्यांवरचा भार क्षणभर नाहीसा झाला, तर पाती मंदावतात, आणि मंदावलेली पाती हवेत पुन्हा वेग घेतीलच असा भरवसा नसतो. पंखांच्या विमानात सवयीने जी हालचाल प्राण वाचविते, तीच येथे घातक ठरते.

आणखी एक कारण आहे आणि मला तेच सर्वांत मोठे वाटते. देशाला जे वैमानिक तयार करायचे होते ते उद्या लढाऊ किंवा प्रवासी विमाने चालविणार होते. त्या विमानांना पंख असतात आणि ती स्टॉल होतात. नवशिक्या वैमानिकाला शिक्षक मुद्दाम उंचावर नेऊन विमान स्टॉल करायला लावतो आणि त्यातून बाहेर काढायला शिकवितो. जे यंत्र स्टॉलच होत नाही त्यावर हा धडा घेता येत नाही. शिकाऊ विमान सुरक्षित तर हवेच, पण संकट म्हणजे काय याचा अनुभव देण्याइतके ते खरेही हवे. असे विमान बनविणे हे फार नाजूक काम आहे आणि तेच घाटगे यांच्या वाट्याला आले.

ते भारतात परतले तेव्हा येथे विमानाचा एकही कारखाना नव्हता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आपल्या पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाचे, तेच हे वालचंद. त्यांच्याबरोबर विल्यम पॉली नावाचा अमेरिकन होता. यंत्रे आणि तंत्रज्ञ त्याने आणले. कारखाना उभा राहत असतानाच घाटगे त्यात दाखल झाले. १९४१ साली अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून हार्लो जातीचे शिकाऊ विमान तेथून बाहेर पडले. ते परक्या आराखड्याचे होते. परंतु त्याच सुमारास घाटगे यांनी दहा माणसे नेणाऱ्या एका ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, आराखडा केला आणि तो तेथे बनलाही. असे एकच ग्लायडर तयार झाले. युद्धाच्या धामधुमीत त्याला पुढे वाव मिळाला नाही.

१९४२ साली सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढल्या वर्षी कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरात आला. हे वाचताना वाईट वाटते. विमाने बनवायला काढलेल्या कारखान्याचे गॅरेज झाले. पण दुरुस्तीतूनही हात तयार होतात. हजारो कामगारांना पत्रा, रिव्हेट आणि इंजिन यांची ओळख ह्याच काळात झाली. आणि १९४२ च्या डिसेंबरात बंगळूरच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची धुरा घाटगे यांच्यावर आली. प्रांटल यांच्याकडून जे शिकले ते आता मराठी, कानडी, तमिळ, बंगाली मुलांना इंग्रजीतून शिकविणे सुरू झाले. देशात विमानाचे उच्च शिक्षण देणारा हा पहिलाच विभाग. कारखाना आणि वर्ग या दोन्ही ठिकाणी पाय असलेला माणूस त्या वेळी दुसरा कोण होता?

युद्ध संपले. कारखान्याला काम हवे म्हणून त्यात रेल्वेचे डबेही बनू लागले. विमानांच्या बाबतीत इंग्लंडच्या पर्सिव्हल कंपनीच्या प्रेंटिस विमानांचे भाग आणून जोडण्याचा परवाना घेण्यात आला. परवान्यावर विमान जोडणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या वहीवरून गणित उतरविण्यासारखे आहे. उत्तर बरोबर येते, पण ते का बरोबर आले हे कळत नाही. हवाई दल आणि फ्लाइंग क्लब यांच्याकडे शिकाऊ विमान म्हणून इंग्रजी टायगर मॉथ होते. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर आणि लाकडी पंखांवर कापड ताणलेले, दुहेरी पंखांचे, १९३१ सालच्या आराखड्याचे. त्याच्या जागी भारतीय आराखड्याचे विमान आणण्याचे काम घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर सोपविण्यात आले.

ते विमान म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर-२, सर्वांच्या तोंडी एचटी-२. १९५१ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते बंगळूर येथे प्रथम उडविले. स्वातंत्र्याला तेव्हा पुरती चार वर्षेही झाली नव्हती. सगळा सांगाडा धातूचा, पंख एकेरी व खालच्या अंगाला, विद्यार्थी आणि शिक्षक एकामागे एक बसणार, दोघांच्याही हाती चालविण्याची सोय. तिसरे चाक शेपटीखाली असल्यामुळे उतरताना वैमानिकाला लक्ष द्यावे लागे. बेफिकीर विद्यार्थ्याचे विमान जमिनीवर गिरकी घेई. उलटसुलट कसरती करण्याइतके ते बळकट होते. आज छायाचित्रात ते पाहिले तर साधेच वाटते. पण पंखाची जाडी किती ठेवायची, तो किती तिरपा बसवायचा, स्टॉल होताना तो मुळाशी आधी सुटेल की टोकाशी, शेपूट केवढी असावी, ह्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या आराखडा-खोलीत काढले गेले होते. टोकाशी उचल आधी सुटली तर विमान एका अंगावर पडून गिरक्या घेऊ लागते आणि नवशिक्याचा घात होतो. विद्यार्थ्याला बऱ्यावाईटाची कल्पना देणारे, पण त्याचा जीव न घेणारे विमान बनविण्यासाठी प्रांटल यांच्या त्या पातळ थराचे ज्ञान लागते.

दीडशेहून अधिक एचटी-२ तयार झाली. भारतीय हवाई दलात त्यांची सेवा १९९० पर्यंत चालली. मराठवाड्याला लागून असलेल्या बिदर येथील विमानतळावर कितीतरी तरुणांनी आपला पहिला धडा ह्याच विमानात घेतला. १९५९ साली आफ्रिकेतील घाना या नव्या स्वतंत्र देशाने भारताच्या मदतीने आपले हवाई दल उभारले तेव्हा त्यालाही एचटी-२ देण्यात आली. ज्या देशाने नुकते स्वतःचे विमान बनविले होते, त्याने लगेच दुसऱ्या गरीब देशाच्या मुलांना त्यावर उडायला शिकविले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही याचे मला आश्चर्य वाटते.

एचटी-२ हवाई दलासाठी होते. नागरी फ्लाइंग क्लबांना त्याहून स्वस्त आणि साधे काही हवे होते. त्यासाठी २८ सप्टेंबर १९५८ रोजी पुष्पक उडाले. पुराणातल्या पुष्पक विमानात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राहत असे म्हणतात. ह्या पुष्पकात जागा दोनच, शेजारी-शेजारी, आणि इंजिन अवघे ९० अश्वशक्तीचे. पंख डोक्यावर, सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर कापड. सामानासकट वजन सुमारे ६१० किलो. अमेरिकेने २००४ साली हौशी वैमानिकांसाठी 'लाइट स्पोर्ट' नावाचा विमानांचा वर्ग पाडला आणि त्याची वजनमर्यादा ६०० किलो ठरविली. म्हणजे आज ज्या वर्गाचा जगभर बोलबाला आहे, जवळजवळ त्याच मापाचे विमान बंगळूरला पन्नासच्या दशकातच बनत होते. आपल्याकडे त्याला कोणी खेळाचे विमान म्हटले नाही, कारण ज्यांना ते मिळाले त्यांच्यापैकी पुष्कळांसाठी ती पोटापाण्याच्या विद्येची पहिली पायरी होती.

पुष्पकवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. अमेरिकेतील एरोंका चीफ या विमानाशी त्याचे फार साम्य आहे. म्हणजे एचटी-२ मध्ये जे स्वतःच्या बुद्धीने केले ते येथे केले नाही. तरीही मला ह्यात घाटगे यांचे व्यवहारज्ञान दिसते. क्लबांना विमान लवकर आणि थोड्या पैशांत हवे होते. अशा वेळी ज्याचे गुणदोष जगाला माहीत आहेत असा बांधा घेणे आणि तो येथील कामगारांकडून, येथील हवामानाला धरून बनवून घेणे यात कमीपणा नाही. दीडशेच्या आसपास पुष्पक बनली. त्यांतलेच अंग थोडे वाढवून, इंजिन मोठे घालून १९५९ साली कृषक तयार झाले. नावावरून शेतीचे वाटेल, पण ते सैन्याने तोफखान्याला वरून टेहळणी करण्यासाठी वापरले.

साठच्या दशकात सर्वांचे डोळे मरुत या लढाऊ जेट विमानाकडे लागले होते. त्याचा आराखडा कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याचा. १७ जून १९६१ रोजी ते उडाले आणि त्याचे कौतुक योग्यच होते. पण टँक यांच्या हाताखाली काम करायला शेकडो भारतीय आराखडाकार आणि कारागीर मिळाले, ते कोठून आले? एचटी-२ आणि पुष्पक यांच्या आराखड्यांवर ज्यांनी पेन्सिली झिजविल्या होत्या त्यांच्यातूनच ना? तिकडे मरुतचा गाजावाजा चालू असता घाटगे यांच्या देखरेखीखाली किरण हे जेट शिकाऊ विमान आकार घेत होते. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते उडाले. लढाऊ मरुत १९९० पर्यंत सेवेतून गेले. किरण त्यानंतरही कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले.

१९६५ साली सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली. मोठे पुरस्कार मोठ्या विमानांना मिळतात असे दिसते, तेव्हा शिकाऊ विमानांच्या कर्त्याची आठवण ठेवली गेली हेही कमी नाही. एअरोनॉटिकल सोसायटीने त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे आणि बंगळूरच्या कारखान्याच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव विचारले तर पुष्कळदा समोरचा माणूस कागलच्या घाटग्यांची गोष्ट सांगू लागतो.

६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच एचटी-२ ची जागा एचपीटी-३२ या विमानाने घेतली होती. तेही बंगळूरचेच. पण त्याचे इंजिन हवेत बंद पडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या आणि इंजिन बंद पडल्यावर ते तरंगत दूर जाण्यातही कमी पडे. २००९ च्या जुलैमध्ये दोन वैमानिकांचा बळी गेल्यानंतर ही विमाने जमिनीवर उभी करण्यात आली. इंजिन थांबल्यावर यंत्र किती सावकाश आणि किती दूर जाते, हा प्रश्न सिएर्वाला पडला होता, घाटगे यांना पडला होता. साठ वर्षांनंतर त्यानेच भारतीय हवाई दलाला अडविले. मग २०१२ साली स्वित्झर्लंडकडून ७५ पिलाटस विमाने विकत घेण्याचा करार करावा लागला. ज्या देशाने घानाला शिकाऊ विमाने दिली होती, त्याला आपल्या मुलांच्या पहिल्या धड्यासाठी परदेशी विमान आणावे लागले. २०१६ च्या मे महिन्यात बंगळूरच्या त्याच कारखान्याचे एचटीटी-४० हे नवे प्राथमिक शिकाऊ विमान प्रथम उडाले आणि २०२३ साली हवाई दलाने अशा ७० विमानांची मागणी नोंदविली.